किरणोत्सव, मसाई पठार आणि जबड्याखालची गाठ

३० जानेवारी

नाशिकहून रात्रीच्या बसनं निघून सकाळी कोल्हापुरात उतरले. मावसभावाचं घर मंगळवार पेठेत. बेत आधीच ठरला होता. सकाळी रंकाळा, एक सबंध दिवस पन्हाळा आणि मसाई पठार, आणि संध्याकाळी अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला आणि आता ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हे डोळ्यांनी बघायचं किती वर्षं मनात होतं.

दुपारी वहिनींनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, सुकं मटण, एका वाटीत तांबडा, एका वाटीत पांढरा. पांढऱ्या रश्श्याचा पहिला घोट घेतला आणि उजव्या जबड्याखाली कळ आली. दात दुखतो तशी नव्हे. आत काहीतरी फुगतंय आणि त्याला जागा पुरत नाही, अशी ताणल्याची कळ. चार घास होईतो तिथं लहान लिंबाएवढी गाठ हाताला लागायला लागली. जीभ हलवली तरी जिभेच्या मुळाशी ठणका. भाकरी तशीच ठेवली.

वहिनींनी बोटांनी चाचपून बघितलं. "वन्सं, गालगुंड तर न्हवं?"

मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. पण गालगुंड बहुतेक कानाच्या पुढं आणि खाली सुजतं, सोबत ताप असतो, आणि जेवणाप्रमाणे ते चढत-उतरत नाही. माझी सूज तासाभरात निम्म्यावर आली. चहाबरोबर भडंग खाल्ला तर पुन्हा वर. खाल्लं की फुगायचं, थांबलं की उतरायचं. ही खूण ओळखता येणं फार कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तोंडात घास गेला, किंवा नुसती चिंच आठवली, तरी जबड्याखालची लाळग्रंथी लाळ सोडते. वाटेत अडथळा असला तर ती लाळ मागं तुंबते आणि ग्रंथी ताणते. दुखणं ते ताणण्याचं.

दादा म्हणाला, "गप बस घरात, पन्हाळा काय पळून जात न्हाई." पण मला आधी कळायला हवं होतं की हे आहे काय. संध्याकाळी त्याच्याच स्कूटरवरून एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी तपासलं ते मी विसरणार नाही. हातमोजा घालून एक बोट तोंडात जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली. दोन्हींच्या मध्ये ती गाठ धरून मागून पुढं हलकेच दाबत आणली. मग जीभ वर करायला सांगितली आणि समोर आरसा धरला. जिभेखाली मधोमध जी पातळ पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक उंचवटा दिसतो. तीच लाळेच्या नळीची तोंडं. डावीकडून दाबल्या दाबल्या स्वच्छ थेंब आला. उजवीकडून बराच वेळ काही नाही, आणि मग एक अगदी लहानसा थेंब, तोही स्वच्छच. डॉक्टरांचा चेहरा तिथं जरा सैल झाला. गढूळ किंवा पिवळसर आला असता तर आत पू आहे, जंतुसंसर्ग झालाय, असं समजायचं आणि मग अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं. पू नाही, ताप नाही, वरची कातडी लाल नाही, तोंड पूर्ण उघडतंय. तेव्हा फक्त दुखण्यापुरतं पॅरासिटामॉल, आणि उद्या सोनोग्राफी.

त्यांचा अंदाज खड्याचा होता. लाळेच्या खड्यांपैकी दहातले आठ तरी या जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. कारण तिची रचनाच तशी आहे. गालातल्या ग्रंथीची लाळ पाण्यासारखी पातळ, हिची घट्ट आणि चिकट. त्यात हिची नळी पाचेक सेंटिमीटर लांब, आणि लाळेला खालून वर चढत जावं लागतं. प्रवाह मंदावला की लाळेतलंच कॅल्शियम आणि फॉस्फेट एखाद्या कणाभोवती साचत जातं. आपल्याला त्रास होईपर्यंत त्याला किती महिने, किती वर्षं लागली ते कळत नाही.

त्यांनी विचारलं, गेल्या दोन-तीन दिवसांत पाणी किती प्यायलात? सर्दीची गोळी घेतली का? रक्तदाबाची कुठली गोळी चालू आहे? नाक चोंदलं म्हणून मी सर्दीची गोळी घेतलेली होतीच. नाक सुकवणाऱ्या त्या गोळ्या लाळही सुकवतात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तोंड कोरडं पडू शकतं, पण त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं. आणि पाण्याचं म्हणाल तर रात्रीच्या बसमध्ये बायका पाणी टाळतातच. वाटेतल्या थांब्यावर स्वच्छतागृह कसं असेल याची धास्ती असते. याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण लघवीची जळजळ, मूतखडा आणि आता हा लाळेचा खडा, या सगळ्याच्या मागं ती धास्ती असू शकते. थंडीत तहानही कमी लागते.

मी धीर करून विचारलं, परवा मसाई पठारावर जायचंय, जाऊ का?

"चाला की बिनधास्त. फक्त तोंड कोरडं पडू देऊ नका."

३१ जानेवारी

सकाळी सहाला दादाबरोबर रंकाळ्यावर. थंडी चांगली होती, पाण्यावर धुकं. संध्यामठ पाण्यात अर्धा बुडून उभा, आणि पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस हळूहळू उजळत होता. कोल्हापूरची सकाळ इथं चालायला येते. तालमीतली पोरं पळत होती, आजोबा मंडळी मफलर गुंडाळून राजकारणावर बोलत चालली होती.

मी चालले, पळाले नाही. पळताना प्रत्येक पावलाला जबड्याखाली हिसका बसत होता, चालताना बसत नव्हता. वाकून बुटाची नाडी बांधली तर गाठीत रक्त उतरल्यासारखा ठणका आला, तेव्हा पाय कट्ट्यावर ठेवून बांधली. तोंड मिटून, नाकानं श्वास घ्यायचा. तोंडानं श्वास घेतला की दहा मिनिटांत जीभ टाळूला चिकटते. दम लागून तोंड उघडायला लागलं की वेग कमी करायचा, हा त्या दिवसापासून माझा मापदंड झाला. घोटभर पाणी दर थोड्या वेळानं. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा हे बरं पडतं, आणि तोंड सतत ओलं राहतं.

परतताना दादा गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबला. म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात. मी डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं की खडा कॅल्शियमचा, मग दूध बंद करू का? नाही. दुधानं लाळेचा खडा होत नाही आणि दूध सोडून तो विरघळतही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण दिवसभरात भेटलेल्या तिघी-चौघींनी मला दूध, पालक, टोमॅटो सगळं सोडायला सांगितलं. मी घरी येऊन तापवलेलं दूध प्यायले.

न्याहारीआधी ओल्या गरम कापडाचा शेक, मग मालीश, मग लिंबाची फोड. क्रम हाच. लिंबाचं तंत्र नीट समजून घेण्यासारखं आहे. आंबटानं लाळेचा लोंढा सुटतो आणि त्या दाबानं लहान खडा पुढं सरकू शकतो, नळी धुतली जाते. पण वाट पूर्ण बंद असेल तर तोच लोंढा मागं तुंबतो आणि कळ दुप्पट होते. म्हणून आधी शेकून-चोळून वाट मोकळी करायची, मग फोड चाटायची. चाटल्यावर सूज उतरली तर चालू ठेवायचं. नुसतीच चढत गेली तर आंबट थांबवायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. मला पहिल्या फोडीला डोळ्यांत पाणी आलं, पण पाच मिनिटांत गाठ मऊ पडली.

सोनोग्राफीत खडा दिसला. साधारण चार मिलिमीटरचा, नळीत, तोंडाच्या बाजूला. बारीक खडे सोनोग्राफीत कधी कधी निसटतात, तेव्हा सीटी स्कॅन करावा लागतो. माझा दिसला हे बरंच झालं. एवढा लहान आणि इतका पुढं असलेला खडा पाणी, आंबट आणि मालीशनं आपण होऊन बाहेर पडू शकतो. डॉक्टर म्हणाले, वाट बघायला हरकत नाही. त्यांनी वाट बघणं कधी थांबवायचं त्याच्या खुणाही सांगितल्या आणि वहिनींनी त्या पावतीच्या मागं लिहून घेतल्या: ताप किंवा थंडी वाजणं, जिभेखाली पू किंवा घाण चव, कातडी लाल होणं, सूज जेवणानंतरही न उतरणं. यांतलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला किंवा जिभेखालचा भाग वर उचलला गेला, तर रात्र असो की पहाट, सरळ मोठ्या रुग्णालयात.

संध्याकाळी अंबाबाईला. पितळी उंबऱ्याच्या अलीकडे दाटीवाटीनं उभे होतो. देवी पश्चिमेला तोंड करून उभी आहे, आणि सूर्य बरोबर तिच्यासमोर मावळतीला आलेला. प्रकाशाचा पट्टा फरशीवरून पुढं पुढं सरकतो तसा गर्दीचा आवाज आपोआप खाली येतो. चरणांवर किरणं पडली आणि घंटा सुरू झाल्या. शेजारच्या आजी सारख्या डोळे पुसत होत्या. शेकडो वर्षांपूर्वी ही दिशा धरून दगडावर दगड रचणारे हात कोणाचे असतील, याचा विचार मला घरी येईपर्यंत सोडत नव्हता.

१ फेब्रुवारी

पन्हाळ्याला निघायच्या आधी पिशवी भरली. दोन लिटर पाणी माझं एकटीचं, लिंबाच्या फोडी डब्यात, बिनसाखरेच्या आंबट गोळ्या, पॅरासिटामॉल, एक नॅपकिन आणि थर्मासमध्ये गरम पाणी. त्या थर्मासवरून दादानं मला वाटभर चिडवलं. गरम पाण्यात नॅपकिन भिजवून पिळला की शेक तयार, गडावर असा की पठारावर.

कोल्हापूरपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर. शिलाहार राजा दुसरा भोज याचा हा गड. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आला. अंबरखान्यात शिरलो. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची तीन कोठारं, भिंती इतक्या जाड की बाहेरचं ऊन आत कळत नाही. तीन दरवाजा आणि अंधारबाव बघितली. वेढ्यात पाणी शाबूत राहावं म्हणून विहीरच इमारतीच्या पोटात घेतली आहे. पाण्याचं मोल त्या माणसांना किती ठाऊक होतं! सज्जा कोठी मी बाहेरूनच बघितली. पायऱ्या पुष्कळ आणि मला दम पठारासाठी राखायचा होता.

तीन दरवाज्याजवळ बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. आवळे, बोरं, चिंच, काकडी. मी आवळे घेतले तर विकणाऱ्या मावशींनी गळ्याला गुंडाळलेला माझा रुमाल बघितला.

"काय झालंय गं बाई?"

"लाळेची गाठ सुजलीय मावशी. खडा अडकलाय."

"मग आवळा चघळ की, गिळू नको लगेच. आमच्या जावेला झाल्तं. आलंया सुटून."

दोन आवळे त्यांनी वर घातले आणि पैसे घेतले नाहीत.

राजदिंडीकडून खाली उतरलो. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज याच बाजूनं निघाले, मसाई पठार ओलांडून विशाळगडाकडे. मुसळधार पाऊस, रात्र, चिखल आणि पाठीवर शत्रू. आम्ही चाललो ते लख्ख उन्हात, वाळलेल्या पिवळ्या गवतातून. पठारावर आलं की एकदम आभाळ मोठं होतं. सावली जवळजवळ नाही, वारा मात्र अखंड, आणि हा कोरडा वारा फसवा आहे. घाम वाळून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी गेलेलं कळतच नाही. माझ्या ओठांना सालं धरायला लागली तेव्हा ध्यानात आलं. मग घड्याळ लावून पाणी.

चढ आला की मी दात आवळते, ही सवय मला कधी ठाऊक नव्हती. गाठीमुळे कळली. आवळले की जबड्याखालचे स्नायू ताठतात आणि ग्रंथी दाबली जाते. जीभ सैल, दात सुटे, ओठ मिटलेले, असं चालायला शिकले. पाठीवरच्या पिशवीचा पट्टाही मानेवर न येता खांद्यावर यावा म्हणून दादानं तो बांधून दिला.

दुपारी मसाईदेवीच्या देवळाजवळ शिदोरी सोडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. खाल्लं आणि गाठ आली, पुन्हा लिंबाएवढी, आधीपेक्षा घट्ट. थर्मासमधलं पाणी नॅपकिनवर ओतून शेकलं. मग देवळाच्या भिंतीला टेकून मालीश. दोन बोटं जबड्याच्या कोनाखाली ठेवायची आणि हाडाच्या आतल्या कडेनं हनुवटीकडे सरकवत आणायची. हळू, एकाच दिशेनं, मागून पुढं. उलट चोळायचं नाही, आणि चिरडल्यासारखं दाबायचं नाही. आवळ्याचा तुकडा तोंडात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. दादा उठून लांब जाऊन उभा राहिला, त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं.

आणि मग जिभेखाली काहीतरी सुटलं. एकदम तोंडभर खारट, जराशी दाट लाळ. बोटाखाली गाठ बसत गेली, स्पष्ट कळेल अशी. मी हातावर थुंकून बघितलं. खडा नव्हता, नुसता पांढुरका धागा होता. पण वाट मोकळी झाली होती. पाणी प्यायले, परत दशमी घेतली आणि तो घास दुखला नाही. दहीभात नाही, रस्सा नाही, साधी दशमी आणि चटणी. मला रडू आलं. दुखण्यातून असं सुटणं ज्याला मिळालंय त्याला यात नवल वाटणार नाही.

पांडवदऱ्याच्या लेण्यांपर्यंत जायचा विचार सोडला, ऊन कलायला लागलं होतं. त्या संध्याकाळचा किरणोत्सवही हुकला.

२ फेब्रुवारी

सकाळी रंकाळा, आज वेग जरा वाढवून. न्याहारीला थोडी सूज, पण मालीशनं पंधरा मिनिटांत गेली. दुपारी महाद्वार रोडवर चपला घेतल्या, भवानी मंडपातून चालत खासबाग मैदानाकडे गेले. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान. रिकामं होतं, तरी हौद्याकडं बघून छाती भरून येते. डॉक्टरांना अहवाल दाखवला. त्यांनी परत तपासलं, थेंब दोन्ही बाजूंनी आला, उजवीकडून सावकाश. खडा अजून आहे. नाशिकला जाऊन तिथल्या तज्ज्ञांना दाखवायचं. आपण होऊन निघाला नाही तर दोन मार्ग. खडा अगदी पुढं आला तर जिभेखाली लहानसा छेद देऊन काढतात. किंवा नळीत एक-दीड मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालून बारीक जाळीत पकडून बाहेर आणतात. ग्रंथीच काढून टाकण्याची वेळ आता पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लोकांवर येते, हे ऐकून सगळ्यांत जास्त दिलासा वाटला. सुया, कात्र्या, टोकदार काडी घेऊन घरी खडा टोकरायचा नाही, हेही त्यांनी बजावलं. असे प्रयोग करून जखम चिघळवून येणारे रुग्ण येतात म्हणे.

संध्याकाळी देवळात लवकर गेलो. किरणं उंबरा ओलांडून आत आली, चरण, कंबर, छाती, आणि मग काही क्षण मुख सोन्यासारखं उजळलं. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता.

रात्रीच्या बसला दादा सोडायला आला. वहिनींनी दशम्या बांधून दिल्या होत्या, सोबत मीठ लावलेली लिंबं. या वेळी बाटली भरून घेतली आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर उतरले. नाशिकच्या तज्ज्ञांची वेळ गुरुवारी सकाळची मिळाली आहे. खडा निघाला की जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचं, दादानं आत्ताच रजा टाकायचं कबूल केलंय.